बारशिंगा मोठा की ककणेर

थेरगावात सुभद्राबाईशी भांडायची कुणाची छाती नव्हती, आणि ज्याची छाती भरायची तो तर मुकाट तिच्याच दारात यायचा. पोराला खोकला लागला, श्वास लागला, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले की आया पोर पदराखाली झाकून तिच्या ओट्यावर हजर. मग सुभद्राबाई कोनाड्यातून तांबड्या फडक्यात गुंडाळलेलं शिंग काढणार, सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून ते उगाळणार, आणि तो पांढरा लेप पोराच्या छातीला लावणार. शिंग बारशिंग्याचं. तिचे सासरे तरुणपणी कुठल्याशा साहेबाच्या शिकारीबरोबर तंबू वाहायला मंडल्याच्या जंगलात गेले होते, तिथून त्यांनी ते आणलेलं. असं शिंग अख्ख्या मावळात दुसरं नाही, असं ती सांगायची. तिच्यासमोर नाही म्हणायला कुणाला वेड लागलं होतं?

या शिंगामुळे तिला गावात मान होता. लग्नात पहिली हळद तिच्या हातची, भांडणात शेवटचा शब्द तिचा. पाटलाची बायकोसुद्धा तिला बघून पदर नीट करायची. नवरा हिंदुराव जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर तो होता तेव्हाही तिचा नव्हता. चाकणच्या बाजाराला म्हणून जायचा आणि तिथल्या एका बाईकडे दोन-दोन दिवस राहायचा. गावाला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडावर कुणी कधी बोललं नव्हतं. तेही त्या शिंगाच्याच जोरावर.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यानंतर शालनबाई आली आणि सगळं बिनसलं.

नदीपलीकडे पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला होता. तिथं ती नवी पेनिसिलिनची सुई बनायची. कारखान्यामुळे कुठली कुठली माणसं खोल्या शोधत यायला लागली. सुभद्राबाईच्या मुलानं, सोनबानं, जुन्या गोठ्यात मधे भिंत घालून दोन खोल्या काढल्या आणि त्यातली एक चिमाजी नावाच्या कोकण्याला दिली. चिमाजी कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात होता. माणूस गरीब स्वभावाचा, खाली मान घालून जाणार, खाली मान घालून येणार. त्यानं संगमेश्वराकडून आपल्या आईला, म्हणजे शालनबाईला, आणलं, आणि आईनं येताना सुकटीचं गाठोडं आणि एक हिरवी बाटली आणली.

बाटलीत ककणेराचं तेल होतं. ककणेर म्हणजे तिकडच्या देवराईत राहणारा मोठा पक्षी. पिवळी लांब चोच, आणि त्या चोचीवर आणखी एक चोच ठेवावी तसा उंचवटा. त्याच्या चरबीचं तेल गुडघ्याला लावा, छातीला लावा, बाळंतिणीच्या कमरेला लावा, उतार पडणारच, असं शालनबाईनं आल्या-आल्या चार घरी सांगितलं. पहिल्यांदा कौशल्याबाईचा गुडघा तिच्याकडे गेला. मग कौशल्याबाईच्या जावेचं पोर गेलं. सुभद्राबाईच्या ओट्यासमोरून, सुभद्राबाईकडे न बघता, सुभद्राबाईच्याच गोठ्यात. काय वाटलं असेल तिला? अंगाची आग आग झाली.

मग आडावर रोज तोंडं सुटायला लागली. गावातल्या बायका घागरी भरून झाल्या तरी हलायच्या नाहीत. सुभद्राबाई म्हणायची की बारशिंग्याचं शिंग दरसाल आपसूक गळतं, जीव न घेता औषध मिळतं, आणि तुझ्या पाखराला मारून त्याची चरबी कढवावी लागते, असलं पापाचं औषध कुणाला गुण देणार? शालनबाई म्हणायची की शिंग गळून पडायची वाट बघत कोण बसतं, साहेबलोकांनी मारले आणि उरलेले गावकऱ्यांनी खाल्ले म्हणून तर तुझा बारशिंगा संपत आला. हे खरंच होतं. देहूरोडच्या डेपोत सोनबा कामाला होता, तिथल्या एका फौजीनंच त्याला सांगितलं होतं की मंडल्याच्या रानात आता दिवसभर हिंडलं तरी बारशिंगा दिसत नाही. पण सुभद्राबाईनं तेही उलटवलं. म्हणाली, थोडे उरलेत म्हणूनच त्याला मोल आहे, कावळ्यासारखं झाडोझाडी ओरडणाऱ्या पाखराला कोण विचारतो? शालनबाई म्हणाली, माझं पाखरू ओरडतं तरी, तुझा बारशिंगा तू तरी कधी बघितलास का? सुभद्राबाईनं बघितला नव्हता. पण ऐकून घेणाऱ्यातली ती नव्हे. तुझा पक्षी आपल्या बायकोला झाडाच्या ढोलीत भिंत लिंपून कोंडतो, असलं दळभद्री पाखरू घरात तरी आणावं का, असं ती म्हणाली आणि बायका हसल्या.

शालनबाईला हसू सोसलं नाही. घागर खाली ठेवून ती वळली.

"कोंडत नाय गो, ती आपणहून बसते. आणि तो दिवसभर फळं आणून तिला भरवतो, दुसरीकडे बघत नाय. तुझा बारशिंगा दहा माद्या घेऊन हिंडतो. दहा दारं हिंडणारा नर ज्या घरात चालतो, त्या घराला माझा पक्षी कसा आवडणार?"

गावानं तीस वर्षं गिळलेली गोष्ट ही परकी बाई दोन महिन्यांत बोलून गेली होती. सुभद्राबाईनं अर्धी भरलेली घागर उचलली आणि घरी आली. सोनबा कामावरून आल्यावर तिनं सांगितलं, त्या रांडेला उद्याच्या उद्या बाहेर काढ. सोनबा जन्मात पहिल्यांदा आईला नाही म्हणाला. चिमाजीचं काय चुकलं, असं त्यानं विचारलं. त्या दिवसापासून सुभद्राबाईनं अंगणात मधोमध बाभळीच्या काट्या टाकल्या. शालनबाईची सुकट वाळत असली की ही मुद्दाम तिथंच चुलीची राख झाडायची. हिची कोंबडी तिकडे गेली की शालनबाई दगड मारायची, आणि तिचा नेमही चांगला होता.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सुभद्राबाईनं पोटच्या पोरालाही सांगितली नव्हती. कोनाड्यातलं ते शिंग बारशिंग्याचं नव्हतं. बारशिंग्याचं होतं ते तीसेक वर्षं उगाळून उगाळून झिजलं, बोटाएवढं झालं, मग नखाएवढं, आणि नऊ वर्षांपूर्वी एका पोराचा लेप करताना सहाणेवरच संपलं. दुसरं आणणार कुठून? त्या साली म्हातोबाच्या जत्रेला घरात बोकड होता. तिनं त्याच्या पायाची नळी बाजूला काढली, चुलीवर धुरावून पिवळी केली, तुपानं घासली आणि तांबड्या फडक्यात बांधली. दारातलं पिवळं कुत्रं तेवढं तिला फसलं नाही. ती फडकं सोडायला बसली की ते जवळ येऊन हुंगायचं आणि ती त्याला हाडहाड करायची. माणसं मात्र नऊ वर्षं त्या नळीचा लेप लावून बरी होत होती. बरी झालेली सांगत यायची, आणि न झालेली आपल्या नशिबाला बोल लावायची. सुभद्राबाईलाही हळूहळू वाटायला लागलं होतं की गुण शिंगाचा नसेल, आपल्या हाताचाच असेल.

पौषात सोनबाची गोदा आजारी पडली. दोन वर्षांची पोर, आजीच्या मांडीशिवाय जेवायची नाही. आधी सर्दी, मग ताप, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नाकपुड्या फुलायला लागल्या, बरगड्या वरखाली उडायला लागल्या. सून रुक्मिणी गरीब गाय, पण त्या दिवशी ती सासूसमोर उभी राहिली. म्हणाली, आत्याबाई, चिंचवडच्या दवाखान्यात नेऊ, पेनिसिलिनची सुई टोचतात, लगेच उतरतं म्हणे.

सुभद्राबाई तिच्यावर अशी उसळली की रुक्मिणी भिंतीला टेकली. सुई? ह्या घरातल्या पोरीला सुई? जिच्या ओट्यावर सगळं गाव येतं, तिची नात दवाखान्यात गेली तर उद्या कोण येईल? आणि ती गोठ्यातली कोकणी हसेल, त्याचं काय? सोनबा खाली मान घालून सायकलवर टांग टाकून देहूरोडला निघून गेला. बाप असून गेला. त्या घरात असंच होतं.

तिनं नळी उगाळली, लेप लावला. दुपारी दुसरा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा लावताना गोदेच्या छातीवरचा आधीचा लेप वाळून तडकलेला होता आणि त्याच्याखाली छाती भात्यासारखी चालली होती. ओठ काळसर पडले होते. पोरगी रडतही नव्हती. सुभद्राबाईनं सहाण बाजूला सारली. लोकांच्या पोरांना तिनं हाडाचा लेप लावला होता तेव्हा तिचा हात कधी अडला नव्हता. आज अडला. आपण काय उगाळतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुईला जावं तर अब्रू जाणार. पण निदान खरं औषध तरी हवं, आणि अंगणापलीकडे ते होतं. बाई किती का वाईट असेना, पक्षी तर खरा होता. ती उठली, काट्या ओलांडल्या आणि गोठ्याच्या दारात उभी राहिली.

शालनबाई सुपात सुकट निवडत होती. चिमाजी रातपाळी करून आलेला, आत गोधडी घेऊन झोपला होता.

"तेल दे," सुभद्राबाई म्हणाली. "गोदीची छाती भरलीय."

"का गो? शिंग संपलं?"

शालनबाई नुसतं टोचायला बोलली होती. पण सुभद्राबाईचा चेहरा असा उतरला की ती बघतच राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, सूप बाजूला सारून ती म्हणाली की तेल देईन, पण फुकट नाही. आधी आडावर जायचं. आता बायका आहेत तिथं. त्यांच्या देखत बोलायचं की ककणेर मोठा, बारशिंगा त्याच्या पासंगालाही पुरायचा नाही. ते बोलून ये आणि बाटली घेऊन जा.

एवढं बोलून शालनबाईनं सूप परत पुढं ओढलं. ही बाई मेली तरी असं बोलायची नाही, याची तिला खात्री होती.

सुभद्राबाई वळली आणि सरळ आडाकडे गेली. कौशल्याबाई होती, पाटलाची सून होती, आणखी सहा-सात जणी होत्या. तिला बघून त्यांनी घागरीची जागा करून दिली, रोजच्यासारखी. शालनबाईही हात पुसत मागोमाग आली होती. सुभद्राबाई आडाच्या कट्ट्याला धरून उभी राहिली. आवाज तिनं लहान केला नाही.

"ऐका गं सगळ्याजणी. हिचा ककणेर मोठा. माझा बारशिंगा त्येच्या पासंगालाबी पुरायचा न्हाई. मी सांगतीय."

कुणीतरी तोंडाला पदर लावला. हसायला की रडायला, ते सुभद्राबाईनं बघितलं नाही. ती तशीच भरभर गोठ्यात आली आणि हात पुढं केला. शालनबाईनं फळीवरची बाटली काढली, पण ती देईना. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"दे की."

"नको गो. नको लावू."

सुभद्राबाईनं तिचं मनगट पिरगाळून बाटली हिसकावली, बूच उपसलं आणि बोटावर तेल घेतलं. मग तिनं ते नाकाशी नेलं. ज्या वासाचं तेल ती रोज सकाळी गोदेच्या जावळाला लावत होती, तोच वास.

"ह्ये खोबरेल हाय."

शालनबाई खाली बसली. तिनं सांगितलं ते असं. तेल पूर्वी खरंच होतं. नवरा दर साली एखादा ककणेर पाडायचा. एका साली त्यानं नर पाडला आणि तेल कढवलं. पंधरा-वीस दिवसांनी ती लाकडं आणायला देवराईत गेली, तेव्हा एका झाडाच्या ढोलीला घाण वास येत होता. ढोली लिंपलेली, मधे बोटभर फट. तिनं कोयत्यानं ती फोडली. आत मादी होती आणि दोन पिल्लं. नर खाणं घेऊन येईल म्हणून वाट बघत तिघंही उपाशी मेली होती. त्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं की पुन्हा पाडशील तर मी विहीर जवळ करीन. त्या गोष्टीला सात वर्षं झाली. तेव्हापासून बाटलीत खोबरेल. लोकांनी मागणं सोडलं नाही, आणि तिनंही मान सोडला नाही.

"मग मला आडावर का न्हेलंस?" सुभद्राबाईनं विचारलं. तिचा आवाज आता अगदी हळू झाला होता, आणि तोच जास्त भीतीचा होता.

"तू बोलशील असं वाटलं नाय."

सुभद्राबाईनं हात उगारला. तो पडलाही असता. पण शालनबाई खाली बघूनच पुढं बोलली की चिमाजीला मागच्या साली गावी हेच झालं होतं, बरगड्या अशाच उडत होत्या, आणि मी त्याला तेल लावलं नाही. सुया टोचून घेतल्या. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला.

पोटच्या पोराला सुई आणि गावाला खोबरेल. सुभद्राबाईला शिवी द्यायची होती, पण ती शिवी आपल्याही दाराशी येणार हे तिच्या ध्यानात आलं. तिनं चिमाजीला लाथ मारून उठवलं. अर्धवट झोपेतल्या त्या माणसानं सायकल काढली, रुक्मिणी पोरीला छातीशी घेऊन मागं बसली, आणि सुभद्राबाई शेताच्या बांधाबांधानं त्यांच्या मागं चालत दवाखान्यात गेली. डॉक्टरनं गोदेच्या छातीवरचा तो वाळलेला लेप बघितला आणि विचारलं, हे कोणी केलं? ती म्हणाली, मी. तो जे बोलला ते तिनं मान खाली घालून ऐकलं. असं ती कुणाचंच ऐकत नसे.

सुया सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी गोदेनं भाकरी मागितली.

पण गावाची अक्कल बघा. गावानं काय धरलं? सुभद्राबाई आडावर हरली, तिथून शालनबाईच्या खोलीत गेली, आणि पोरगी वाचली. म्हणजे ककणेराच्या तेलानंच वाचली. सुई काय, ती वरून टोचली. माघ निम्मा होईतो गोठ्याच्या दारात पोरं घेऊन बायांची रांग लागायला लागली. शालनबाई कुणाला नाही म्हणायची, कुणाला तेल संपलं म्हणायची, तर त्या हातापाया पडायच्या. मग ती दोन थेंब द्यायची. सुभद्राबाईच्या ओट्यावर कुत्र्याखेरीज कुणी फिरकत नव्हतं. ती गोदेला मांडीवर घेऊन बसायची आणि दात आवळून बघायची.

एका सकाळी कौशल्याबाई धावत आली. तिच्या लेकीचं चार महिन्यांचं बाळ तिच्या हातात होतं. काट्यांच्या अलीकडून सुभद्राबाईला त्याचं दुपटं वरखाली होताना दिसलं. नाकपुड्या फुललेल्या, ओठ काळसर. शालनबाई बाटली घेऊन दारात आली. तिनं बाळाकडे बघितलं, मग अंगणापलीकडे सुभद्राबाईकडे बघितलं. बुचावर तिचं बोट तसंच राहिलं.

सुभद्राबाई उठली. गोदेला खाली ठेवलं, कोनाड्यातलं फडकं आणलं आणि अंगणाच्या मधोमध येऊन सोडलं.

"कौशल्ये, त्या बाटलीत खोबरेल हाय. प्वार दवाखान्यात न्हे."

कौशल्याबाईनं तिच्याकडे असं बघितलं की बघवेना. म्हणाली, हरलीस ती हरलीस, वर बाळाच्या जिवावर उठतीस व्हय? बाहेरच्या दोघी-तिघी होत्या त्याही तेच पुटपुटल्या.

"आन ह्यात बारशिंगा न्हाई," सुभद्राबाई म्हणाली. "नऊ वरसं झाली. बोकडाची नळी हाय."

तिनं ते हाड कुत्र्यापुढं टाकलं. नऊ वर्षं हाडहाड ऐकलेलं ते पिवळं कुत्रं क्षणभर तिच्याकडे बघत राहिलं. मग त्यानं नळी दोन्ही पायांत धरली आणि कडाकडा चावायला लागलं. बायका कुत्र्याकडे बघत होत्या, आणि मग सगळ्यांनी मिळून शालनबाईकडे बघितलं. ती नाही म्हणाली असती तर तिचंच खरं ठरलं असतं. सुभद्राबाईला आता गावात कोण विचारत होतं?

शालनबाईनं बूच काढलं. बाटली तळहातावर उपडी केली आणि ते सगळं तेल आपल्या पांढऱ्या केसांना चोळलं. वास अंगणभर पसरला.

"खरं बोलते ती," ती म्हणाली. "जा गो बाय. पळ."

कौशल्याबाई बाळाला घेऊन नदीच्या वाटेला लागली. बाकीच्या बायाही गेल्या, पण त्या आडाकडे गेल्या, आणि तिथं काय चाललं असेल ते दोघींनाही न सांगता कळत होतं. शालनबाईनं रिकाम्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाली की चिमाजीला सांगते, उद्या खोली खाली करतो.

सुभद्राबाई गोदेला कडेवर घेत होती. ती वळली.

"पळून जातीस व्हय? उद्या सकाळी त्या समद्या बाया आडावर शिव्या घालायला बसतील. त्या मी एकटीनं खाऊ? गप घागर घिऊन यायचं."